राबाची राख, डोंगराची माती
कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी इमारतींखाली जुनी भातखाचरं आहेत. भाताच्या रोपासाठी तिथं राब भाजत: शेण, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर. तणाचं बी जळे, राखेतून पोटॅश मिळे, माती भुसभुशीत होई, रोप मुळांसकट अलगद निघे. १८७८ च्या वन कायद्यानंतर या फांद्यांवरूनच ठाणे जिल्ह्यात असंतोष वाढला. १८८५ मध्ये सरकारनं वन आयोग नेमला. आपण दोन्ही बाजू पाहू. पाला डोंगरावरून खाली आला, की तिथं कुजून ह्यूमस होत नाही, माती उघडी पडून धुपते. पण राबाविना रोप कसं वाढवायचं, हा शेतकऱ्याचा प्रश्नही खराच. म्हणून तो तंटा ‘जंगल विरुद्ध शेत’ असा वाचू नये. डोंगर आणि खाचर, दोघांच्या मातीचा हिशेब एकच होता.