काळ्या कोटाला वळसा : सोलापूरचा एक बेलिफ आणि कायद्याची पदवी

१/ कायद्याचे शिक्षण म्हटले की काळा कोट डोळ्यांसमोर येतो. सोलापूरच्या न्यायालयातून निघालेली एक वाट मात्र या कोटाला वळसा घालून गेली. ती वाट सुशीलकुमार शिंदे यांची.

२/ जन्म सोलापूरचा, ४ सप्टेंबर १९४१. १९५७ ते १९६५ या काळात ते तेथील सत्र न्यायालयात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे न्यायालयाचा हुकूम लोकांच्या दारापर्यंत नेणारा माणूस. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने समन्स बजावण्याची रीत बारकाईने आखून दिली आहे. प्रत द्यायची, पोच म्हणून सही घ्यायची. सही नाकारली, तर प्रत घराच्या दाराला चिकटवून तसा अहवाल न्यायालयाला द्यायचा. बजावणी रीतसर झालीच नाही असे सिद्ध झाले, तर एकतर्फी हुकूमनामाही रद्द होऊ शकतो. न्यायालयाच्या उतरंडीत तळाशी असलेल्या माणसावर खटल्याचा पाया असा उभा असतो.

३/ याच काळात वकिलीचे रूपही पालटले. वकील, प्लीडर, मुखत्यार अशा निरनिराळ्या सनदांच्या जागी १९६१ च्या कायद्याने ‘अ‍ॅडव्होकेट’ हा एकच वर्ग आणला.

४/ शिंदे यांचे महाविद्यालयीन शिक्षण सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात झाले. कायद्यासाठी पुण्याचे आयएलएस आणि मुंबईचे न्यू लॉ कॉलेज. परंतु न्यायालयाची नोकरी सोडून ते वळले ते पोलीस खात्याकडे. (घरात वकिलीची परंपरा नसलेल्या तरुणाला ज्येष्ठाकडची बिनकमाईची उमेदवारी परवडणे आजही कठीणच.) पोलीस ठाण्यातही कायदा लागतोच : पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र यांतील एखादी चूक पुढे न्यायालयात आरोपीच्या पथ्यावर पडते.

५/ १९७१ मध्ये त्यांनी खाते सोडले. पुढे करमाळ्याची आमदारकी, राज्याचे अर्थखाते, जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्रिपद. त्यांच्याच कारकिर्दीत, १ ऑगस्ट २००४ रोजी, सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचा कोल्हापूरशी असलेला संबंध सुटला.

६/ २०१२ मध्ये ते केंद्रीय गृहमंत्री झाले. त्याच डिसेंबरात दिल्लीतील अत्याचाराने देश हादरला आणि गृहखात्यावर टीकेची झोड उठली. मार्च २०१३ मध्ये फौजदारी कायद्यांतील दुरुस्तीचे विधेयक त्यांच्या खात्याने संसदेत आणले. दंड संहिता, प्रक्रिया संहिता, पुरावा कायदा : पोलीस ठाण्याची रोजची तीनही पुस्तके त्याने बदलली. वैवाहिक बलात्काराला असलेली सूट काढावी, ही न्यायमूर्ती वर्मा समितीची शिफारस मात्र त्यात आली नाही.