आल्प्समधील मार्च महिना

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त झुरिक येथे असतो. मार्चअखेरीस आठ दिवसांची रजा घेऊन आल्प्समध्ये स्कीच्या खेळास जाण्याचा त्याचा बेत चालला आहे. गाव कोणते निवडावे, किती उंचीवरचे असावे, ईस्टरच्या आधी जावे की ईस्टरची सुटी साधावी, यांचा खल करणारे लांबलचक पत्र त्याने आम्हांस धाडले आणि शेवटी "काका, आपणही या" असा आग्रह धरला. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने पायांस फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यावे की नाही, हा प्रश्न घरातील मंडळींनी हसण्यावारी निकालात काढला. पण आमच्या मनात मात्र दुसराच प्रश्न घोळू लागला. मार्च हा आल्प्समध्ये सुटीचा महिना झाला तरी केव्हापासून?

तेथील डोंगरकरी शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटले असते. त्याच्या लेखी हिवाळ्याचा शेवट म्हणजे वर्षातील कठीण काळ. गोठ्यातील वाळलेले गवत सरत आलेले, गुरे अजून बाहेर काढता येत नाहीत, आणि ऊन तापू लागताच डोंगरावरून हिमलोट सुटण्याचे भय. आंडरमाट गावच्या लोकांनी १३९७ साली आपल्या वरच्या उतारावरील अरण्यात कुऱ्हाड चालविण्यास बंदी घालणारा लेख करून ठेवला. गाव आणि हिमलोट यांच्यामध्ये त्या झाडांखेरीज दुसरा तट नव्हता. ज्या बर्फाला अडविण्यासाठी असे कायदे करावे लागत, ते बर्फ पाहण्यासाठी कोणी पैसे मोजून येईल, हे त्या लोकांच्या स्वप्नातही आले नसेल.

हिवाळ्याची वाट पाहुण्यांसाठी मोकळी झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सेंट मॉरित्झ येथील हॉटेलवाला योहानेस बाद्रुट याने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, की हिवाळ्यात येऊन पाहा, ऊन पडले नाही तर तुमचा प्रवासखर्च मी देईन. अशी कथा सांगतात. कथा रसाळ आहे, पण याच सुमारास दावोस येथे घडलेली गोष्ट अधिक गंभीर आहे. तेथे अलेक्झांडर स्पेंगलर नावाच्या डॉक्टरने उंचीवरील कोरड्या, थंड हवेत क्षयरोग्यांवर उपचार आरंभिले, आणि १८६५ पासून हिवाळ्यातही रोगी येऊ लागले. १८९० मध्ये आगगाडी दावोसला पोहोचली. तात्पर्य, आल्प्सच्या हिवाळ्यातील पहिल्या पाहुण्यांपैकी पुष्कळजण खेळावयास आले नव्हते. ते मरण टाळावयास आले होते.

अशाच एका रोग्याच्या सोबतीला आर्थर कॉनन डॉयल हा कादंबरीकार दावोसला आला. त्याची पत्नी लुइझा हिला क्षय झाल्याचे १८९३ साली निष्पन्न झाले होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने शेरलॉक होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून वाचकांचा रोष ओढवून घेतला होता. दावोस येथे तोबियास आणि योहान ब्रांगर या बंधूंनी त्याला स्कीचा नाद लावला. २३ मार्च १८९४ रोजी हे तिघे पहाटेच निघाले आणि सुमारे २४०० मीटर उंचीची माइनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून पलीकडच्या आरोसा गावी उतरले. उतार फार तीव्र आला तेव्हा फळ्या एकत्र बांधून त्यांवर बसून घसरावे लागले, आणि कधी झिजत नाही अशी ख्याती असलेल्या कापडाच्या विजारीची कशी दशा झाली, याचे विनोदी वर्णन डॉयलने पुढे स्वतःच केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्ट्रँड मासिकात त्याचा लेख प्रसिद्ध झाला. मार्च आणि एप्रिल हा स्कीचा हंगाम ठरेल आणि त्यासाठी शेकडो इंग्रज स्वित्झर्लंडला येतील, असे भाकीत त्याने त्यात वर्तविले होते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. डॉयलनेच स्वित्झर्लंडात स्की आणली असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. स्की ही मूळची उत्तरेकडील लोकांची वस्तू. नान्सेन याने १८८८ साली स्कीच्या साहाय्याने ग्रीनलंड ओलांडल्यावर त्याच्या पुस्तकाने मध्य युरोपात तिचे वेड पसरविले. ऑस्ट्रियात झ्दार्स्की याने तीव्र उतारास योग्य असे तंत्र बसवून १८९६ साली ग्रंथरूपाने मांडले. आणि ती खिंड तर ब्रांगर बंधूंनी आदल्याच वर्षी ओलांडली होती. गावकऱ्यांच्या थट्टेच्या भयाने ते रात्री सराव करीत असे म्हणतात. वाट त्यांनी शोधली, बर्फ त्यांनी पारखले, पाहुण्याला सुखरूप पलीकडे नेले तेही त्यांनीच. परंतु लेखणी पाहुण्याच्या हाती होती, म्हणून कीर्ती पाहुण्याची झाली. लिहून ठेवणाऱ्याकडे श्रेय जाते हा न्याय आपल्याकडच्या इतिहासालाही अपरिचित नाही.

या हौसेला व्यापाराचे आणि खेळाचे रूप देणाऱ्या घराण्याचा संबंध हिंदुस्थानाशी पोहोचतो. हेन्री लन हा मेथॉडिस्ट पंथाचा मिशनरी १८८७ साली मद्रास इलाख्यात आला. प्रकृतीने दगा दिल्यामुळे तो लवकरच परतला. मद्रास येथेच १८८८ च्या एप्रिलात त्याचा मुलगा आर्नल्ड जन्मला. इंग्लंडास परतल्यावर हेन्रीने १८९२ साली निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठी ग्रिंडेलवाल्ड येथे परिषद भरविली. प्रतिनिधींच्या प्रवासाची व्यवस्था करता करता प्रवासाचा धंदाच त्याच्या हाती लागला. धर्मैक्य दूर राहिले आणि हिवाळी सहली मात्र फोफावल्या! त्याच्या मंडळींनी १९११ साली मोंताना येथे उतारावरील शर्यत लावली, तेव्हा चषक दिला तो लॉर्ड रॉबर्ट्स याने. हा रॉबर्ट्स कानपूरचा जन्मलेला. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे मुंबईच्या फौजेतील पलटणींचा समावेश असलेल्या सैन्याचा दारुण पराभव झाल्यावर, ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांत काबूलहून कंदाहार गाठणारा सेनापती तोच. त्यावरून चषकास कंदाहारचे नाव मिळाले, आणि १९२४ साली म्यूरेन येथे निघालेल्या स्की क्लबाचे नावही कंदाहार असेच ठेवले गेले. डॉयलचा डॉ. वॉटसन त्याच मैवंदच्या लढाईत जखमी झाला होता, हे होम्सच्या वाचकांस स्मरत असेलच.

आर्नल्ड लनचा पाय १९०९ साली वेल्समधील कड्यावरून पडून मोडला व कायमचा आखूड राहिला. तरीही १९२२ साली म्यूरेन येथे आधुनिक पद्धतीची पहिली स्लालम शर्यत त्यानेच आखली. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याची मोठी कामगिरी अशी, की वसंतातील बर्फ हे उरलेसुरले बर्फ नसून स्वतंत्र गुणांचे बर्फ आहे, हे त्याने हिरिरीने प्रतिपादिले. मार्चमध्ये दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर पाझरतो आणि निरभ्र रात्री गोठतो. असे अनेकवार झाले, की त्याचे टणक दाणे बनतात. सकाळी तो थर दगडासारखा असतो. ऊन चढताच बोट-दोन बोटे मऊ होतो, आणि तेवढे दोन-तीन तास स्की जणू लोण्यावरून चालते. दुपारनंतर मात्र सारे पाणावते व ओले हिमलोट सुटू लागतात. म्हणून या दिवसांत पहाटे निघावे आणि दुपारच्या आत परतावे, हा नियम. ब्रांगर बंधू डॉयलला घेऊन पहाटे का निघाले, याचा उलगडा आता वाचकांस होईल.

मार्च १९२८ मध्ये आर्नल्ड लन आणि सेंट आंटोनचा प्रख्यात शिक्षक हानेस श्नायडर या दोघांनी आर्लबर्ग-कंदाहार ही शर्यत सुरू केली. पुढे दहा वर्षांनी, पुन्हा मार्च महिन्यातच, हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि नाझींना न मानणाऱ्या श्नायडरला अटक झाली. लनने त्या वर्षीची शर्यत रद्द केली. आपला मित्र कैदेत असताना त्याच्याच गावात खेळ मांडावयाचा नाही, इतकी साधी ही गोष्ट. पण त्या काळी मोठमोठ्या मुत्सद्द्यांनाही ती साधली नव्हती. श्नायडर १९३९ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला गेला आणि तेथेही लोकांस स्की शिकवीत राहिला.

महायुद्धानंतरचा इतिहास झपाट्याचा आहे. दावोसच्या बोल्गन उतारावर १९३४ साली माणसांना ओढून वर नेणारे यंत्र बसले होतेच. तशी यंत्रे आता गावोगाव झाली. क्षयावर औषधे निघाल्यावर आरोग्यधामांची हॉटेले झाली. फ्रान्सने १९६४ पासून सरकारी योजनेने उंच पठारांवर नवी स्कीनगरे उठविली. डॉयलचे शेकडो इंग्रज कोठल्या कोठे मागे पडले. पण जुने भय गेले नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर गावावर हिमलोट कोसळून ३१ माणसे दगावली. त्यांत सुटीवर आलेले पुष्कळ होते.

आता त्या भयाच्या जोडीला उलट जातीचे भय आले आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडातील हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. सखल गावांतून मार्चमध्ये गवत दिसू लागते आणि हंगाम उंच उंच सरकत जातो. आंडरमाटचे पूर्वज बर्फ येईल म्हणून भीत. त्यांचे वंशज बर्फ येणार नाही म्हणून भितात. ऋतूस सुटी बनविण्यास माणसाला उणीपुरी शंभर वर्षे लागली. ती सुटी ऋतूच परत घेऊ लागला आहे.

पुतण्याला आम्ही उत्तर धाडले ते असे: ईस्टर यंदा उशिरा असेल तर त्याची वाट पाहू नकोस, मार्चचा तिसरा आठवडा धर. गाव उंचावरचे निवड, उत्तरेकडे तोंड असलेले उतार पाहा, पहाटे ऊठ आणि दुपारी परत ये. हिमलोटाची सूचना रोज वाच. जमल्यास एक दिवस दावोसहून आरोसाकडची ती खिंड दुरून तरी पाहून ये, आणि तेथे डॉयलची आठवण झाली, तर आधी ब्रांगर बंधूंची कर. आमच्याविषयी म्हणशील, तर येण्याचे आम्ही अद्याप नाकारलेले नाही. फळ्या मात्र बांधणार नाही. उन्हात खुर्ची टाकून तुमची वाट पाहू.