मोठ्या वयात पुढचे दात नीट करायचेत? तार लावायची की व्हेनियर, पैसे भरण्याआधी हे वाचा

लग्न ठरलं, मुलाखत आली किंवा मोबाइलमध्ये स्वतःचा हसरा फोटो पाहिला, की अनेकांचं लक्ष पुढच्या दातांकडे जातं. कुणाचे दात पुढे आलेले, कुणाच्या मधोमध फट, कुणाचे एकावर एक चढलेले, तर कुणाचे सरळ असूनही पिवळे-तपकिरी. 'तार तर शाळकरी मुलं लावतात, मोठ्या माणसाने व्हेनियर बसवावं, दोन-तीन फेऱ्यांत काम होतं,' असा सल्ला हल्ली सर्रास ऐकायला मिळतो. पण या दोन उपचारांचं काम वेगवेगळं आहे. निवड चुकली तर चांगला दात कायमचा तासला जातो, आणि तासलेला दात पुन्हा वाढत नाही.

दोन्हींत फरक काय?

तार म्हणजे ब्रेसेस. दातांवर छोटे चौकोनी तुकडे चिकटवून त्यातून तार ओवतात. तारेचा सततचा हलका दाब बसला की दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं हाड तयार होतं. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दात तुमचाच राहतो, फक्त त्याची जागा बदलते.

व्हेनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेली पातळ चकती. ती पोर्सलेनची, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची असते किंवा कंपोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाची असते. इथे दात जागचा हलत नाही. त्याचा रंग, आकार आणि लांबी तेवढी झाकली जाते.

भिंत तिरकी असेल तर रंग देऊन ती सरळ होत नाही. आणि भिंत सरळ असून नुसता रंग उडाला असेल, तर ती पाडून बांधायची गरज नसते. दातांचंही तसंच आहे.

आधी तक्रार नेमकी ओळखा

- दात वाकडे, पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले: तार हाच खरा उपाय.
- वरचे-खालचे दात नीट मिटत नाहीत, घास तुटत नाही: तारच. जबडाच लहान-मोठा असेल तर मोठ्या वयात तारेसोबत शस्त्रक्रियाही लागू शकते.
- मधोमध छोटी फट, बाकी दात सरळ: तार लावता येते किंवा कंपोझिट लावून फट भरता येते. छोट्या फटीसाठी दात फारसा तासावा लागत नाही.
- पुढच्या दाताचा तुकडा उडालेला: आधी कंपोझिटचा भराव. तुकडा मोठा असेल तर व्हेनियर किंवा कॅप.
- चहा, तंबाखू, मिसरीचे डाग: आधी दातांची सफाई. बरेच डाग त्यातच जातात.
- लहानपणापासूनचे तपकिरी, खडूसारखे डाग: हे फ्लोराइडचे असू शकतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे लहान वयात, हे डाग पडतात. हलके डाग वरचा थर घासून आणि ब्लीचिंग करून कमी होतात. गडद डाग आणि खड्डे असतील, तर व्हेनियर हा योग्य उपाय ठरतो.

तासलेला दात परत येत नाही

दाताचं वरचं पांढरं, कडक कवच म्हणजे इनॅमल. पोर्सलेनचं व्हेनियर बसवताना हे कवच साधारण अर्धा मिलिमीटर तासतात. दात सरळ असेल तर तेवढ्यात भागतं. पण दात पुढे आलेला किंवा फिरलेला असेल, तर रांगेत दिसण्यासाठी तो खूप जास्त तासावा लागतो. तासणं इनॅमलच्या खाली गेलं की दाताला ठणका लागतो आणि व्हेनियरची पकडही कमी होते. नसेपर्यंत गेलं तर रूट कॅनल करावं लागतं.

'आठवड्यात दात सरळ' असं सांगितलं जातं तेव्हा बहुतेक वेळा हेच घडतं. दात सरळ होत नाहीत, ते तासून वर कॅप किंवा व्हेनियर बसवलं जातं. कॅपसाठी तर दात चारी बाजूंनी तासतात. विशीतल्या, कीड नसलेल्या दातांवर हे करणं म्हणजे चांगलं जनावर विकून उसनं आणण्यासारखं आहे.

शिवाय व्हेनियर एकदाच बसवून संपत नाही. पोर्सलेनचं साधारण १० ते १५ वर्षं टिकतं, कंपोझिटचं त्याहून कमी. पंचविसाव्या वर्षी बसवलं आणि पूर्ण १५ वर्षं टिकलं, तरी चाळिशीत दुसरं आणि पंचावन्नाव्या वर्षी तिसरं बसवावं लागेल.

तारेला किती दिवस लागतात?

मोठ्या माणसाला साधारण दीड ते दोन वर्षं, अवघड केसमध्ये त्याहून जास्त. दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावं लागतं. म्हणजे दोन वर्षांत वीसेक फेऱ्या. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरा.

ऊसतोडीला किंवा कामासाठी सहा-सहा महिने बाहेर राहणाऱ्यांनी हे आधीच डॉक्टरांना सांगावं. तार लावून महिनोन्महिने न दाखवणं वाईट. तुटलेली तार टोचते, दात भलतीकडे सरकतो, तुकड्यांभोवती अन्न अडकून कीड लागते. वेळ देता येणार नसेल तर घाईने तार लावू नये.

पहिले तीन-चार दिवस दात दुखतात, चावताना जड जातं. गालाला तार घासत असेल तर लावायचं मेण डॉक्टर देतात. ऊस दाताने सोलणं, सुपारी, चिक्की, फुटाणे, कणीस दाताने तोडणं बंद. पेरू, गाजर बारीक चिरून खावं. भाकरी चालते, पण कडक असेल तर कालवणात कुस्करून घ्यावी.

तार निघाल्यावर खरी कसोटी असते. दात जुन्या जागी परत जाऊ पाहतात, म्हणून रिटेनर वापरावा लागतो. आधी बराच वेळ, नंतर फक्त रात्री, पण अनेक वर्षं. 'तार काढली आणि दात पुन्हा वाकडे झाले' या तक्रारीमागे बहुतेक वेळा डबीत पडून राहिलेला रिटेनर असतो.

तार दिसू नये असं वाटत असेल तर दातांच्या रंगाची सिरॅमिक तार किंवा काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनर मिळतात. अलाइनर दिवसाला २० ते २२ तास घालावे लागतात. कंटाळा करणाऱ्यांसाठी ते नाहीत.

खर्चाचा हिशेब

दर दवाखान्यानुसार आणि केसनुसार बदलतात. धातूच्या तारेचा पूर्ण उपचार साधारण २५ ते ५० हजारांत होतो. पैसे बहुतेक ठिकाणी हप्त्याने देता येतात. सिरॅमिक तार आणि अलाइनर त्याहून महाग.

व्हेनियरचा दर एका दातामागे असतो, इथेच अनेकांची फसगत होते. पोर्सलेनच्या एका व्हेनियरला दहा हजार धरले आणि हसताना दिसणारे सहा दात केले, तर ६० हजार होतात. आणि हा फक्त पहिल्या खेपेचा खर्च.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तार लावण्याचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो, मात्र नंबर लागायला वेळ लागू शकतो.

हिरड्या आधी, सौंदर्य नंतर

चाळिशीनंतर दातांत नव्याने फट पडू लागली, दात पुढे यायला लागले किंवा हलू लागले, तर तो हिरड्यांचा आजार असू शकतो. यालाच गावाकडे पायरिया म्हणतात. हिरडी सुजलेली, रक्त येणारी असताना तार लावली तर दात आणखी सैल होतात. व्हेनियर बसवलं तर आजार तसाच खाली वाढत राहतो. आधी सफाई आणि हिरड्यांचा उपचार, मग पुढचं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. तंबाखू, गुटखा, मिसरी सुरू ठेवून कोणताही उपचार टिकत नाही.

झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही सांगा. अशा माणसाचं व्हेनियर लवकर तडकतं.

हे चुकूनही करू नका

- फट बंद करायला रबर लावणं: व्हिडिओ पाहून काही जण दोन दातांभोवती रबर लावतात. ते घसरून हिरडीखाली जातं, मुळाभोवतीचं हाड खातं आणि चांगले दात पडू शकतात.
- बाजारात किंवा घरोघरी फिरून दात बसवणाऱ्यांकडून काम करून घेणं.
- एक्स-रे न काढता तार किंवा घरपोच अलाइनर घेणं. मुळं आणि हाड पाहिल्याशिवाय दात हलवणं धोक्याचं.
- आधी व्हेनियर, मग ब्लीचिंग: ब्लीचिंगने व्हेनियरचा रंग बदलत नाही. क्रम उलटा हवा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. माझी अडचण दाताच्या जागेची आहे की रंग-आकाराची?
२. दात किती तासावा लागेल? न तासता काही करता येईल का?
३. एकूण खर्च किती? एक्स-रे आणि रिटेनर त्यात धरला आहे का?
४. तुकडा निघाला किंवा व्हेनियर तुटलं तर पैसे पुन्हा लागतील का?
५. तार तुम्ही स्वतः लावणार की बाहेरून तज्ज्ञ येणार?

तार लावणारे तज्ज्ञ म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. त्यांनी बीडीएसनंतर त्या विषयात एमडीएस केलेलं असतं. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चाळिशीत तार लावता येते का?
येते. वयाची अट नाही. हिरड्या आणि हाड निरोगी हवं. लहान वयापेक्षा वेळ थोडा जास्त लागू शकतो.

तारेसाठी दात काढावे लागतात का?
प्रत्येकाला नाही. दाटी जास्त असेल किंवा दात खूप पुढे असतील तर सुळ्यामागचे दात काढून जागा करतात.

लग्न दोन महिन्यांवर आहे, काय करावं?
सफाई, ब्लीचिंग, छोटी फट किंवा तुटलेला कोपरा भरणं एवढं दोन महिन्यांत सहज होतं. वाकडे दात मात्र या मुदतीत सरळ होत नाहीत. त्यासाठी चांगले दात तासून घेऊ नका. लग्नानंतरही तार लावता येते.

दोन्ही उपचार करता येतात का?
हो. आधी तारेने दात रांगेत आणायचे, मग ब्लीचिंग, आणि त्यानंतरही रंग-आकार खटकत असेल तरच एखाद-दुसऱ्या दातावर कंपोझिट किंवा व्हेनियर. दात सरळ झाल्यावर तासणं कमी लागतं, आणि पुष्कळदा व्हेनियरची गरजच उरत नाही.

मनात शंका असेल तर दुसऱ्या दंतवैद्याचा सल्ला घ्या, पण दात तासायला होकार देण्याआधी.