समुद्रदेव सह्याद्री ओलांडून कोल्हापुरात कसा आला?

१/ कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात वीतभरही उंची नसलेली एक कांस्यमूर्ती आहे. दाढी राखलेला, हात उंचावलेला पुरुष. हातातील त्रिशूळ मात्र नाहीसा झालेला. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. कोल्हापूर आणि समुद्र यांच्यामध्ये तर सह्याद्री उभा आहे!

२/ ही मूर्ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळाली. १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदणगार यांना तेथे कांस्यवस्तूंचा मोठा संचय आढळला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननाने तेथील सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली.

३/ संचयात रोमन घडणीची सुरई होती, तसाच स्वारांसह घडवलेला देशी हत्तीही होता. बहुतेक वस्तू इथल्याच, परदेशी मोजक्या. म्हणून ‘कोल्हापुरात रोमन वसाहत होती’ हे विधान पुराव्यात बसत नाही. वस्तू रोमन जगातून आली, एवढ्यावरून माणूसही आला असे ठरत नाही.

४/ काळ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांचा. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत आणि मोसमी वाऱ्यांवर भारताचा किनारा गाठत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, चौल आणि त्यांच्या दक्षिणेकडील कोकणी बंदरांची नोंद आहे.

५/ बंदरावर उतरलेला माल देशावर न्यायचा तर घाट चढणे अटळ. कोल्हापूरच्या पश्चिमेस, सुमारे ५५ किलोमीटरवर, गगनबावडा आहे. तेथून करूळ घाट वैभववाडीकडे आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला उतरतो. खाली वाघोटनची खाडी. तिच्या मुखाशी विजयदुर्ग.

६/ सह्याद्रीची कोकणाकडील बाजू कड्यासारखी तुटलेली, देशाकडील बाजू उतरती. एकदा माथा गाठला की कुंभी नदीचे खोरे वाट दाखवते. कुंभी पंचगंगेला मिळते आणि पंचगंगेच्या काठीच ब्रह्मपुरी आहे. नद्यांनीच आखून दिलेली ही वाट.

७/ तरीही सावधगिरी हवी. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोचला जाई, असे पेरिप्लस सांगतो. म्हणजे पठारावरूनही लांबचा व्यापारी मार्ग होता आणि पोसायडन त्या बाजूनेही आलेला असू शकतो. मूर्तीवर घाटाचे नाव कोरलेले नाही.

८/ घाटाचे मोल पुढच्या सत्तांनीही ओळखले. करूळ आणि भुईबावड्याच्या माथ्यावर गगनगड उभा राहिला. वाटेवर ज्याचा ताबा, जकातही त्याची.

९/ ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले. तेच पुढे टाऊन हॉलमध्ये आले. तेथे पोसायडन पाहताना रोमन सम्राटांबरोबरच मालाने लादलेले बैल आणि त्यांना हाकणारी माणसेही आठवावीत. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. पण समुद्रदेवाला पंचगंगेकाठी पोहोचवले ते अशाच हातांनी.