काळारामाचा पूर्व दरवाजा

मागच्या वेळी आपण देवळांच्या बांधणीबद्दल बोललो. आज बांधणी थोडक्यात आटपू आणि एका दरवाजापाशी थांबू.

नाशिकला रविवार कारंजाकडून गोदावरी ओलांडून पंचवटीत शिरलं की रिक्षांचे हॉर्न, पूजासाहित्याची दुकानं, यात्रेकरूंची गर्दी. त्या गजबजाटातून वाट काढत आपण काळारामापाशी पोहोचतो. मंदिर १८ व्या शतकाच्या अखेरीचं, पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधवलेलं. काळ्या दगडाचं काम, भोवती भक्कम तट आणि तटाला चार दिशांना चार दरवाजे. मूर्ती काळी, म्हणून काळाराम. याच शहरात गोराराम पण आहे बरं का.

आम्ही लहानपणापासून या देवळात कितीदा गेलो असू! चपला काढायच्या, उंबरठ्याला हात लावायचा, आत शिरायचं. हा उंबरठा ओलांडायला कुणाला झगडावं लागलं असेल, असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. आता वाटतं, आमच्या पिढीच्या शिक्षणातली मोठी उणीव हीच.

२ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५ हजार लोकांची मिरवणूक देवळाकडे निघाली. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी तिची तयारी केली होती. पूर्वेचा दरवाजा बंद होता, पोलीस उभे होते. लोक गोदावरीच्या घाटाकडे वळले, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया अशी पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले ते त्यानंतर, १२ मार्चला. मिठाचा सत्याग्रह आपल्याला पाठ असतो. नाशिकचा मात्र एका ओळीत उरकला जातो.

एप्रिलमध्ये रामाचा रथोत्सव आला. दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा असा समेट झाला होता. आयत्या वेळी रथ पळवला गेला, दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. तरी लढा थांबला नाही. पुढे १९३४ पर्यंत तो चालू राहिला.

आता एक शंका. वर्गात कुणीतरी हमखास विचारायचं, 'सर, देव सगळीकडे आहे, मग देवळातच जायचा हट्ट कशाला?' आम्ही म्हणायचो, प्रश्न चांगला आहे, पण तो आतल्या माणसालाही विचारा. देव सगळीकडे आहे, तर मग दरवाजा लावता कशाला?

बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सुरुवातीलाच बजावलं होतं, की देवळात गेल्याने तुमचे सगळे प्रश्न सुटणार नाहीत. त्यांना परीक्षा पाहायची होती ती हिंदू मनाची. १९३४ मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी हेच स्पष्ट केलं. मूर्तिपूजा मिळवावी हा हेतू नव्हता. आपल्या समाजाला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, तो उठावा, यासाठी हा मार्ग होता.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर इच्छा आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला आत जायचं नसेल, तर तो माझा निर्णय. पण मला जाताच येत नसेल, तर माझ्या 'नको'लाही किंमत उरत नाही. नकार द्यायलासुद्धा आधी हक्क लागतो.

पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला, नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' हे जाहीर केलं. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला, मग राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. दरवाजे उघडले. पण तोवर, त्या दरवाजांवर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना आत जायची ओढच उरली नव्हती. १९५६ मध्ये त्यांनी नागपूरची वाट धरली. म्हणजे उशिरा उघडलेल्या दरवाजात नुकसान कुणाचं झालं? आमच्या मते, आत बसलेल्यांचं.

तेव्हा पुढच्या खेपेला काळारामाला जाल तेव्हा पूर्वेच्या दरवाजाबाहेर दोन मिनिटं उभे राहा. आत जायची घाई करू नका. तिथे बसलेल्या त्या १५० जणांची आठवण काढा, आणि मग जायचं तर जा.

आता प्रश्न घेऊ या.