देवगाव रंगारी : हवामान व प्रवासाचा हंगाम

देवगाव रंगारी हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील कन्नड तालुक्याच्या दक्षिण भागातील मोठे गाव. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि दक्षिणेस गोदावरीचे सखल खोरे यांमधील पठारी पट्ट्यात ते वसलेले असल्याने दोन्हींकडच्या हवामानाच्या छटा येथे जाणवतात.

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर बरेचसे बाष्प सोडून पूर्वेकडे येतात. डोंगराआडच्या अशा कमी पावसाच्या भागास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात व हा परिसर त्यातच मोडतो. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे 700 मिमी. असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मात्र त्याची विभागणी सारखी नसते : कन्नड व खुलदाबादच्या डोंगराळ भागात तो तुलनेने बरा असतो, तर वैजापूर-गंगापूरकडे कमी होत जातो. मृगाचा पाऊस वेळेवर झाला, तरी पुढे मोठा खंड पडल्यास कापूस व मका ही पिके माना टाकतात. 1972 च्या दुष्काळाची झळ साऱ्या मराठवाड्याप्रमाणे या भागासही बसली.

मार्च ते मे हा काळ कडक उन्हाचा असतो. मे महिन्यात पारा 40° से.च्या आसपास जातो, काळ्या रानाला भेगा पडतात आणि गौताळा अभयारण्यातील पानगळीचे वन, म्हणजे कोरड्या ऋतूत पाने गाळणाऱ्या वृक्षांचे जंगल, उघडेबोडके दिसते. तेच जंगल ऑगस्टमध्ये दाट हिरवे होते व वेरूळच्या 29 क्रमांकाच्या लेण्याजवळ येळगंगेचा धबधबा कोसळू लागतो. या दिवसांत भिजलेली काळी माती पायांना व चाकांना चिकटत असल्याने शिवाररस्ते कठीण होतात, तसेच कन्नड घाटात दरडींचा धोका असतो; ऑगस्ट 2021 च्या अखेरीस तेथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती.

ऑक्टोबरात मोसमी वारे माघारी फिरताना पडणारा परतीचा पाऊस ओसरला, की काही दिवस उकाडा वाढतो आणि त्यानंतर हवा कोरडी व सुखद होते. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गार असल्या, तरी दिवसा ऊन सोसवते. त्यामुळे लेणी पाहण्यास व पितळखोरा लेण्यांच्या पायऱ्या उतरण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर धबधबे व वनश्रीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर हा काळ योग्य ठरतो. वेरूळची लेणी मंगळवारी व अजिंठ्याची सोमवारी बंद असतात.