गार्नर, मरे आणि बुडालेला विल्किन्स

बी.कॉम. किंवा सी.ए. केलेल्या कुणापुढेही ‘गार्नर विरुद्ध मरे’ एवढंच म्हणून पाहा. भागीदारी संस्थेच्या विसर्जनाची ती वैतागवाणी गणितं आठवून चेहरा पडतोच. मी इंजिनीअर, त्यामुळे हा नियम मला परीक्षेत भेटला नाही. नंतर कुतूहलापोटी वाचला आणि त्यामागचे मूळ आकडे मांडून पाहिले. नियमापेक्षा ते आकडेच जास्त बोलके आहेत.

इंग्लंडमध्ये तिघे भागीदार होते: गार्नर, मरे आणि विल्किन्स. नफा समसमान वाटायचा, भांडवल मात्र विषम. १९०० साली भागीदारी मोडली. बाहेरची देणी आणि भागीदारांची कर्जं फेडून झाल्यावर हाती उरले १९१६ पौंड. भांडवलापोटी गार्नरचं येणं २५०० आणि मरेचं ३१४. विल्किन्सचं खातं उलटं: तोच संस्थेला २६३ पौंड देणं लागत होता, आणि तो दिवाळखोर.

म्हणजे २८१४ द्यायचे आणि जवळ १९१६. तूट ८९८ पौंडांची. त्यातले २६३ विल्किन्सकडे अडकलेले, उरलेले ६३५ हा धंद्यातला तोटा. तो तिघांत सारखा वाटायचा, म्हणजे प्रत्येकी २११ पौंड, १३ शिलिंग, ४ पेन्स. इथवर वाद नाही. पण विल्किन्स जुनी बाकीही देणार नाही आणि तोट्याचा वाटाही नाही. असे सुमारे ४७५ पौंड कोणाच्या माथी मारायचे?

सरळ उत्तर असं की उरलेल्या दोघांनी निम्मे-निम्मे सोसावेत. तसं केलं तर गार्नरला २०५१ मिळतात आणि मरेला काहीच मिळत नाही. उलट त्यालाच खिशातून १३५ पौंड भरावे लागतात. स्वतःचा तोटा सोसूनही ज्याचं शंभराच्या वर येणं होतं, तो दुसऱ्याच्या दिवाळखोरीपायी देणेकरी होतो.

१९०३ साली न्यायमूर्ती जॉइस यांनी हे नाकारलं. १८९०च्या भागीदारी कायद्याचं कलम ४४ सांगतं की तोटा नफ्याच्या प्रमाणात सोसायचा. पण एका भागीदाराने आपला वाटा बुडवला, तर तो इतरांनी भरून द्यावा, असं त्यात कुठेही नाही. म्हणून दोघांनी फक्त आपापले २११ पौंड जमेला धरायचे आणि मग जो गल्ला होईल तो भांडवलाच्या प्रमाणात वाटायचा. गल्ला झाला सुमारे २३३९ पौंडांचा. आपापली भर वजा जाता गार्नरला पडले सुमारे १८६७, मरेला ४९. नुसता क्रम आणि प्रमाण बदललं आणि १८४ पौंड एकाकडून दुसऱ्याकडे गेले. (प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यात नवल वाटू नये; पण तिथे एवढे पैसे सहसा जात नाहीत.)

मला हा निकाल कायद्याच्या शब्दांना धरून वाटतो, न्याय्य मात्र अर्धाच. ज्याने धंद्यात जास्त पैसा अडकवला, त्यालाच मित्राच्या दिवाळखोरीचा मोठा घास गिळावा लागतो. नफा घेताना गार्नर मरेच्या बरोबरीचा होता, जास्तीच्या भांडवलासाठी वरचढ नव्हता. बुडताना मात्र तो आठपट मोठा ठरला. दुसरीकडे, मरेला १३५ पौंड भरायला लावणंही पटत नाही.

आपल्याकडे भागीदारीची कलमं आधी १८७२च्या करार कायद्यात होती. १९३२ साली त्यांच्या जागी स्वतंत्र भागीदारी कायदा आला. तोवर जॉइस यांचा निकाल जवळजवळ तीस वर्षांचा झाला होता. तरी नव्या कायद्याच्या कलम ४८ने इंग्रजी कलमाची रचना जवळपास तशीच उचलली आणि विल्किन्सचं काय करायचं यावर चकार शब्द काढला नाही. त्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत आजही दिवाळखोर भागीदाराचं कलम नाही, खटलाच शिकवतात.

कलम ४८ सुरू होतं तेच भागीदारांमधल्या कराराच्या अधीन राहून. म्हणजे करारनाम्यात एक ओळ घातली, की जॉइस यांचा संबंधच उरत नाही. पैसा एकाचा जास्त, दुसऱ्याचा कमी आणि नफा मात्र फिफ्टी-फिफ्टी अशा भागीदाऱ्या माझ्या वयाचे लोक आजही सर्रास करतात. करारनाम्यात नफ्याचं प्रमाण हमखास असतं. ती ओळ मला अजून एकाही करारनाम्यात दिसलेली नाही.